सातवी रेघ

माई चौगुलेंनी ओवीला “छान” म्हटलं आणि वैजयंता मगदूमच्या हातातला बार वरून छातीपाशी यायचा तो अर्ध्यातच थांबला.

ज्यांना माई माहीत नाहीत त्यांना वाटेल, यात एवढं काय. माई म्हणजे जयसिंगपूरच्या अकराव्या गल्लीतल्या शक्ती महिला व्यायामशाळेच्या सर्वेसर्वा. वय एकसष्ट, एके काळच्या नावाजलेल्या वेटलिफ्टर, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. त्यांच्याकडे कौतुकाचा शब्द एकच होता, “हं.” तो मिळाला की बाई आठवडाभर हवेत असायची. वैजयंताला नऊ वर्षांत तो सात वेळा मिळाला होता. सातही वेळा कधी, कुठल्या व्यायामाला, त्या दिवशी अंगात कुठला टी-शर्ट होता, सगळं तिला पाठ होतं. आणि ही ओवी नलवडे, शिरोळहून बसनं येणारी एकवीस वर्षांची पोर, हिला येऊन तीन महिने होत नाहीत तोवर अख्खं “छान”.

‘तेही माझ्याच जिवावर,’ वैजयंता मनात म्हणाली आणि बार वर सोडला तो जरा जोरातच.

आता हे ती रागानं म्हणाली असली तरी त्यात खोटं काही नव्हतं. ओवीच्या पाठीत जे भरत होतं ते खरोखरच वैजयंताचं होतं. ते कसं, हे कळायला बंडीची हकीकत सांगायला हवी.

दोन हजार त्रेचाळीसच्या दिवाळीनंतर मिरजेच्या एका संशोधन संस्थेनं माईंच्या व्यायामशाळेला दोन बंड्या आणि एक यंत्र प्रयोगासाठी दिलं. संस्थेचा मुल्ला नावाचा तरुण अभियंता दर गुरुवारी येऊन नोंदी बघून जायचा. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्या बायकांना सतरंजीवर बसवून समजावलं होतं. स्नायू म्हणजे एक सलग गोळा नव्हे. त्यात हजारो तंतू असतात आणि त्यांच्या तुकड्या पाडलेल्या असतात. प्रत्येक तुकडीला मज्जारज्जूतून निघालेली एकेक चेतापेशी हुकूम देते. नवख्या माणसानं जीव खाऊन वजन ओढलं तरी त्याच्या कितीतरी तुकड्या झोपलेल्याच राहतात, आणि त्यातही मोठ्या, ताकदीच्या तुकड्या सगळ्यात आळशी. त्यांना उठवायची मेंदूला सवयच नसते. वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्याचा दंड फुगलेला आपल्याला दिसतो, पण त्याच्या आधी त्याच्या चेतासंस्थेला एक विद्या येते, कुठल्या तुकडीला कधी उठवायचं आणि कुणाच्या मागून कुणाला. जी तुकडी कामाला लागते ती वाढते. म्हणून तर दोघी एकाच यंत्रावर तेच वजन तितक्याच वेळा ओढतात, पण एकीची पाठ भरते आणि दुसरीची नुसती कोपरं दुखतात.

बंडीच्या कापडात दीडशे टिकल्या विणलेल्या होत्या. टिकली त्वचेला चिकटली की खालच्या स्नायूतली विजेची कुजबुज तिला ऐकू येते. भिशीला वीस बायका एकदम बोलत असाव्यात आणि कुणीतरी प्रत्येकीचं बोलणं वेगळं लिहून काढावं, तसं यंत्र त्या गलक्यातून एकेक तुकडी बाजूला काढतं. ही झाली देणारीची बंडी. घेणारीची बंडी उलटं काम करते. ती वजन ओढत असताना तिच्या चेतांना त्याच क्रमानं सौम्य ठोके देते. वजन तिचं तिलाच ओढावं लागतं, बंडी फक्त झोपलेल्यांना हाक मारते. आठ-दहा आठवड्यांत मेंदू ती वाट शिकतो आणि मग बंडी नसली तरी चालतं.

देणारी म्हणून वैजयंताची निवड झाली तेव्हा तिची छाती अभिमानानं फुगली होती. जिल्ह्यात तिच्यासारखी पाठ नव्हती. ती मिळवायला तिला आठ वर्षं लागली होती आणि तीही कशावर, तर पनीर, सोयाबीन आणि मटकीवर, कारण मगदुमांच्या जैन घरात अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. घेणारी कोण असणार, याचा तिनं त्या दिवशी विचारच केला नव्हता. माईंनी नवीन आलेल्या ओवीकडं बोट दाखवलं.

इथपर्यंतही एक वेळ चाललं असतं. पण माईंची शिकवायची एक रीत होती. त्या तोंडानं फार सांगत नसत. मागे उभ्या राहायच्या आणि ज्या स्नायूनं काम करायला हवं त्यावर दोन बोटं टेकवायच्या. “इथनं ओढ.” बस्स. नऊ वर्षं वैजयंता त्या दोन बोटांच्या जोरावर वाढली होती. आता नोंद घेताना तिच्या बंडीला हात लावायचा नाही, टिकली हलली की नोंद बिघडते, असं मुल्लानं बजावलं होतं. घेणारीच्या बंडीला मात्र स्पर्शाचं वावडं नव्हतं. उलट ठोके बरोबर जागी लागतायत का, हे बघायला माई ओवीच्या पाठीवर सेटभर बोटं टेकवून उभ्या राहत. एका भिंतीशी वैजयंता एकटीच ओढायची, समोरच्या भिंतीशी ओवी आणि तिच्यामागं माई.

वर आणखी कडी म्हणजे ओवीची बंडी अंगाबरोबर करून दिली ती वैजयंतानंच. सहाव्या गल्लीत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. बाकीच्या शिंप्यांनी कॅमेऱ्यानं माप घ्यायला सुरुवात केली तरी ही टेप सोडायला तयार नव्हती. माई सहज म्हणाल्या, “वैजू, पोरीला ती बंडी सैल होतीय. जरा घेऊन दे.” घेऊन देताना तिच्या मनात आलं होतं की डावीकडं अर्धा इंच तसाच सोडावा, कुणाच्या बापाला कळत नाही. पण शिवणात लबाडी करायला तिचा हात वळेना. बंडी अशी चोख बसली की मुल्लासुद्धा वाहवा म्हणाला. तिला स्वतःचाच राग आला.

हे सगळं इतकं जिव्हारी का लागत होतं, तर राज्य शरीरसौष्ठव स्पर्धेला प्रत्येक व्यायामशाळेतून खुल्या गटात एकाच बाईचं नाव जायचं. तीन वर्षं ते वैजयंताचं गेलं होतं आणि तीनदा तिचा चौथा नंबर आला होता. पुढच्या श्रावणात तिला एकोणचाळीस पूर्ण होत होती, की खुला गट बंद. म्हणजे संधी ही शेवटचीच. माई होळीनंतरच्या सोमवारी नाव पाठवणार होत्या. होळीला सहा आठवडे होते आणि पोरीला “छान” मिळालं होतं.

घरी आल्यावर तिनं भाकरी थापायला घेतली. तिच्या नवऱ्याचं नाव बाहुबली, वजन पंचावन्न किलो, हायस्कुलात प्रयोगशाळा साहाय्यक. गल्लीतली पोरं यावरून जन्मभर चिडवत आली होती आणि तो जन्मभर हसत आला होता.

“भाकरी थापतीयस का कुणाला बडवतीयस?” त्यानं पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

“त्या ओवीला आज छान म्हणाल्या माई.”

“मग असेल छान.”

“ती छान नाही. ते माझं आहे. मी ओढते आणि ती वाढते.”

“मग तुझंच कौतुक झालं की. एवढी तोंड पाडून कशाला बसलीयस?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली. हे असं बोलणाऱ्या माणसाला काय सांगायचं? तिला नुसता मत्सर वाटत होता असं म्हणणं म्हणजे फार सभ्यपणा झाला. पोरीची ती लांब वेणी, डब्यातली सहा उकडलेली अंडी, “आक्का, आज तुमची नोंद लई भारी होती हं” असं म्हणणारा तो निर्मळ आवाज, सगळ्याचा तिला तिटकारा आला होता. आवाजात खोट असती तर बरं झालं असतं.

आठवडे गेले. वैजयंता रोज बंडी घालून ओढायची, नोंद व्हायची, दुसऱ्या दिवशी ती ओवीच्या अंगात उतरायची. माघ अर्धा होता होता ओवी दुकानात आली. चुलतबहिणीच्या हळदीला ब्लाउज शिवायचा होता.

“जुनं माप आहे की माझ्याकडं,” वैजयंता म्हणाली. बंडीसाठी घेतलेली मापं वहीत होती.

“ते आता बसायचं नाही, आक्का. पाठ बघा की.”

पाठ बघायलाच नको होती, पण टेप तर लावावी लागली. छातीचा घेर पावणेदोन इंच वाढलेला. तो वाढणारच. वैजयंतानं ओठ आवळून आकडा लिहिला. मग तिनं गळ्यापासून खांद्याच्या टोकापर्यंतचा उतार घेतला आणि टेप परत लावून परत घेतला. तीन महिन्यांपूर्वी दोन इंच होता. आता जेमतेम एक. मान दोन्ही बाजूंनी भरलेली, खांदे कानांकडं चढलेले. जिममध्ये या मानेपासून खांद्यापर्यंतच्या स्नायूला ट्रॅप म्हणतात. ज्या व्यायामांच्या नोंदी पोरगी घेत होती त्यात त्याचं एवढं काम नव्हतं.

“खांदे सैल सोड.”

“सोडलेतच की.”

“हे सोडलेले?”

“हल्ली असंच होतंय, आक्का. मान धरतीय. सकाळी उठलं की दात दुखतात, आवळून आवळून. आईनं ओवा-मिठानं शेकलं, काही फरक नाही.” ओवी आरशात बघत म्हणाली. मग जरा थांबून, “आणि राग येतो. कशाचा ते कळतच नाही. तुम्ही चिडणार नसलात तर सांगू?”

“सांग.”

“माई तुमच्याशी बोलायला लागल्या की जास्त येतो. मान अशी ताठ होती. वाटतं, त्यांनी तुमच्याकडं बघूच नये. बघा, कसलं हे. तुम्ही मला सगळं देताय आणि माझ्या डोक्यात हे असलं.”

वैजयंतानं मान वर केली. समोरच्या आरशात दोघी होत्या आणि दोघींचे खांदे सारखेच चढलेले होते. तिनं टेप स्वतःच्या गळ्याला लावून बघितली नाही. लावायची गरज नव्हती, तिला आकडा माहीत होता.

“बुधवारी ये ब्लाउज न्यायला,” ती म्हणाली.

गुरुवारी तिनं मुल्लाला गाठलं. तो पडद्यासमोर बसून जुन्या नोंदी बघत होता. पडद्यावर एकाखाली एक सात रेघा धावत होत्या.

“ही खालची कसली हो?” तिनं उगाचच विचारल्यासारखं विचारलं.

“सातवी? मानेची आणि खांद्याची. वरच्या सहा पाठीच्या आणि दंडाच्या, कामाच्या.” मुल्ला खुर्चीतच वळला. त्याला कुणी विचारलं की आनंद व्हायचा. “हा स्नायू मोठा मजेशीर आहे, ताई. वजन उचलताना तर तो लागतोच, पण माणूस घाबरला, चिडला, अवघडला की आपोआप आवळतो. नुसती अवघड गणितं घातली तरी त्याची रेघ वर जाते. डॉक्टरांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे.”

“आणि तशी नोंद झाली तर?”

“तर यंत्राला काय कळतंय? ते समजतं, हाही ओढण्याचाच भाग. जशीच्या तशी पुढं देतं. घेणारीच्या शरीराला मग सवय लागते. अमुक प्रसंग आला की खांदा वर. आणि खांदा वर गेला, जबडा आवळला की मनालाही वाटायला लागतं, आपण कशावर तरी चिडलोय. कारण ठाऊक नसलं तर मन ते शोधून काढतं.”

“मग त्यावर उपाय?”

“सोपा आहे. खराब नोंदी पुसायच्या, एक स्वच्छ घ्यायची. देणारीचं मन शांत असताना. तीच रोज दिली की तीनेक आठवड्यांत खांदे खाली येतात.” मुल्ला तिच्याकडं बघायचा थांबला आणि पडद्याकडं वळला. “पण कुठली नोंद ठेवायची ते माईंच्या हातात. मी फक्त दाखवतो.”

वैजयंता पाणी प्यायला गेली आणि तिथंच टाकीपाशी उभी राहिली. तिला सगळं समजलं होतं. तिची जळजळ बंडीत शिरली होती आणि बंडीतनं पोरीत. जळजळ होती माई ओवीकडं बघतात म्हणून, आणि ती पोरीच्या अंगात जाऊन माई वैजयंताकडं बघतात म्हणून जळत होती. दुसरी कुणी असती तर तिला रडू आलं असतं. वैजयंताच्या मनात पहिला विचार आला तो वेगळाच होता. चढलेल्या खांद्यांनी राज्य स्पर्धेत कुणी उभं राहत नाही. पाठमोऱ्या पोझला परीक्षक आधी मानेची रेषा बघतात. म्हणजे आपण काही करायचं नाही. फक्त गप्प बसायचं.

ती गप्प बसली. अगदीच निर्लज्ज नव्हती, तिनं आपल्या परीनं प्रयत्नही केला. बंडी घालून ओढताना णमोकार मंत्र म्हणून बघितला. डोळे मिटून बघितलं. बाहुबलीचा चेहरा आठवून बघितला, त्यानं हसू आलं आणि ओढच चुकली. पण समोरच्या भिंतीशी माईंनी पोरीच्या पाठीवर बोटं टेकवली की मंत्र ओठात राहायचा आणि खांदा कानाला भिडायचा. सातवी रेघ काही ऐकायला तयार नव्हती. मग तिनं प्रयत्न सोडला आणि सोडल्यावर जरा बरंच वाटलं.

होळी झाली. शनिवारी संध्याकाळी माईंनी दोघींना दिव्याखाली उभं केलं. समोरून, बाजूनं, पाठमोरं. ओवीची पाठ खरंच देखणी झाली होती, वैजयंताच्या पाठीहून रुंद आणि कंबरेशी बारीक. पण वर मानच नव्हती. थंडीत काकडणाऱ्या माणसासारखे खांदे वर ओढलेले. माई म्हणाल्या, “सोड.” पोरीनं सोडले. पुन्हा चढले. “सोड गं.” पुन्हा चढले.

मग त्या वैजयंतापाशी आल्या, तिच्या पाठीकडं बघितलं आणि म्हणाल्या, “हं.”

हा आठवा.

“सोमवारी नाव पाठवते,” असं म्हणून माई आत गेल्या. आता कुणाचं नाव जाणार, हे भिंतीलाही कळलं असतं.

वैजयंता कपडे बदलून बाहेर आली तर ओवी पायरीवर बसून मान दाबत होती. बाजूनं निघून जाता आलं असतं. तेवढ्यात पोरीनं वर बघितलं.

“बरं झालं, आक्का. तुमचंच जाऊ दे.” तिचे डोळे सुजले होते. “मी बंडी पण सोडणार आहे आणि यायचं पण. माझ्यात काहीतरी वाईट आहे. तुमच्याबद्दल माझ्या मनात काय काय येतं ते तुम्हाला कळलं तर तुम्ही मला दारात उभं करणार नाही. मी लहानपणापासून अशीच आहे का, म्हणून आईला विचारलं, नव्हतीस म्हणाली.”

“मान शेक,” वैजयंता म्हणाली आणि निघाली. सहाव्या गल्लीपर्यंत ती चालत गेली आणि दुकान उघडायचं विसरून घरी गेली.

रविवार तिनं कसा काढला हे बाहुबलीला विचारा. मीठ नसलेली आमटी त्यानं निमूट खाल्ली. जेवण झाल्यावर मात्र तो म्हणाला, “नाव तुझं जातंय ना? मग घरात सुतक असल्यासारखं का?”

“ती पोर म्हणते, ती वाईट आहे.”

“आणि?”

“नाहीय ती वाईट.” तिनं ताट उचललं. “ते पण माझंच आहे.”

सोमवारी ती पावणेसहाला व्यायामशाळेत पोचली. माई एकट्याच होत्या, चष्मा कपाळावर चढवून अर्ज भरायचा छोटा पडदा डोळ्यांपासून लांब धरून बसलेल्या. वैजयंतानं चप्पल काढली आणि बसायच्या आतच बोलायला लागली, कारण बसली असती तर बोलली नसती.

“माई, ओवीचे खांदे माझ्यामुळं चढलेत. मी तिच्यावर जळते. तुम्ही तिच्या पाठीवर बोटं ठेवता ते मला बघवत नाही. ते सगळं नोंदीत गेलंय. मला महिनाभर माहीत आहे आणि मी गप्प बसले. मला स्पर्धेला जायचं होतं.”

माईंनी पडदा खाली ठेवला. चिडल्या नाहीत, आश्चर्यही नाही.

“महिना काय घेऊन बसलीस. मुल्लानं मला दुसऱ्या आठवड्यातच दाखवली होती ती रेघ.”

वैजयंताला आधी कळलंच नाही.

“नवी नोंद घ्या म्हणाला. मी म्हटलं, असू दे.”

“का?”

“का म्हणजे?” माई गुडघा चोळत बसल्या. “तुझं शेवटचं वर्ष. तिला अजून सतरा-अठरा पडलीत. पोरीची पाठ तुझ्याहून चांगली होणार, हे मला पहिल्या आठवड्यात दिसलं होतं. दोघी सरळ उभ्या राहिल्या असत्या तर मला तिचं नाव घालावं लागलं असतं, आणि ते माझ्यानं होत नव्हतं. म्हटलं, आपण कशाला वाईट व्हा. खांदा चढतोय तर चढू दे.”

“तुम्ही तिला छान म्हणालात.”

“परक्या लेकराला छान म्हणतात, वैजे. घरातल्याला कोण म्हणतं?”

खरं सांगायचं तर त्या क्षणी वैजयंताला जो आनंद झाला तो तिला तीन वेळा पहिला नंबर येऊनही झाला नसता. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते हे होतं. माईंची ती होती आणि ओवी परकी होती, आणि हे माईंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तिला वाटलं, हे उठून कुणाला तरी सांगावं. मग कुणाला सांगायचं याचा विचार करताना तिला पायरीवर बसलेली पोर आठवली. तीन महिने एकवीस वर्षांची मुलगी दात आवळून झोपत होती, आणि इथं दोन बायकांना ते माहीत होतं, आणि दोघी गप्प होत्या. एक जळत होती म्हणून, आणि दुसरी जळणारीवर जीव होता म्हणून.

“तिचं नाव घाला,” ती म्हणाली.

“तिचे खांदे बघितलेस ना? कशी उभी राहील?”

“स्पर्धेला पाच आठवडे आहेत. मुल्ला म्हणाला तीन पुरतात. सगळ्या नोंदी पुसा आणि नवी घ्या.”

“आणि ती स्वच्छ येईल कशावरनं? इतके दिवस एक तरी आली का?”

वैजयंता खुंटीवरची बंडी काढून अंगात चढवत होती. तिनं हुक लावले. खांदे जागेवर होते, अगदी खाली, आणि ते तिला कुणी न सांगता कळत होतं.

“आत्ता येईल. आत्ता मला तिचं काही वाटत नाहीय. उद्याचं मी सांगत नाही, माई. उद्या तुम्ही तिच्या मागं जाऊन उभ्या राहिलात की माझं पुन्हा सुरू होणार, मी मला ओळखते. म्हणून आत्ताच घ्या. चालू करा.”

माई तिच्याकडं बघत राहिल्या. उठल्या, लंगडत यंत्रापाशी गेल्या आणि कळ दाबली. अर्जाचा पडदा खुर्चीवरच राहिला, नावाची जागा कोरी.

वैजयंतानं बार धरला. सेट दहा ओढींचा. पहिली ओढ. सहा रेघा उठल्या, एकीमागून एक, नऊ वर्षांत शिकलेल्या क्रमानं. सातवी थोडी हलली, वजनापुरती, आणि खाली जाऊन आडवी झाली. दुसरी ओढ, तिसरी. माई चार हात लांब उभ्या होत्या आणि आज त्या लांब असल्याचं काही वाटत नव्हतं. पाचवी. घाम फुटला. सातवी रेघ आडवीच. सहावी ओढ, सातवी ओढ. असं ओढणं तिला आजवर कधी जमलं नव्हतं, आणि ते दुसऱ्या कुणासाठी जमत होतं. आठवी ओढ संपत असताना दार वाजलं.

ओवी आत आली होती. वस्तू न्यायला आली असावी, हातात रिकामी पिशवी होती. बंडी घातलेल्या वैजयंताला बघून ती दारातच थबकली आणि तिचे खांदे हळूहळू वर गेले. माई वळल्या. त्यांनी पोरीकडं बघितलं, मग तिच्यापाशी गेल्या आणि तिच्या मानेवर, जिथं दुखत होतं तिथं, हात ठेवला. इतक्या दिवसांनी त्यांना लाज वाटली होती आणि ती त्यांच्या हातात दिसत होती.

बार वैजयंताच्या डोक्यावर होता, नववी ओढ अजून सुरू व्हायची होती. पडद्यावर सातव्या रेघेला एक बारीकसा उंचवटा आला.

“माई, थांबवा यंत्र,” ती म्हणाली. “आठ चांगल्या झाल्यात. तिला एवढ्या पुरतील.”

माईंनी येऊन कळ दाबली. मग वैजयंतानं दात आवळले आणि राहिलेल्या दोन ओढल्या.